माफीची चूल

पाहुण्यांनो, हिरडखोऱ्याच्या माळावर हे तीन काळे दगड दिसतात ना, ती चूल आहे. माणूस आडवा झोपेल एवढी. भीमाने मांडली असे कोणी सांगितले, तर हसून सोडून द्या. ती दोन बायकांनी मांडली, आणि का मांडली ते ऐकण्यासारखे आहे.

गोऱ्यांच्या अमलातली गोष्ट. सरकारने जंगल बंद केले, हिरडा वेचायलाही परवाना लागू लागला, आणि वरच्या डोंगरात बंड उठले. बंडकऱ्यांना भाकर कोण पोचवते ते कळेना, म्हणून सरकारने चाळीस शिपायांची जादा कुमक गावात आणून बसवली. मग चावडीवर हुकूम वाचला गेला: या कुमकेचा खर्च गावाने द्यायचा. ज्यांच्या छातीवर बसायला शिपाई आले, त्यांनीच त्यांचा पगार भरायचा! एकेका छपराखाली चार-चार भाऊ नांदत, त्यामुळे घरे मोजणे अवघड होते. म्हणून चुली मोजायचे ठरले. पेटत्या चुलीमागे बारा रुपये, मुदत आठ दिवस. नाही दिले तर बैल जप्त. पेरणी महिन्यावर आलेली. बैल गेले की साल गेले.

माफी एकाच चुलीला होती, पाटलाच्या. सरकारशी इमान राखावे म्हणून साहेबाने तसा कागद शिक्का मारून दिला होता. कोंडाजी पाटील विशीतला पोर. घर चालवायची त्याची आई, ठकाई. सोवळ्याची कडक. महारवाड्यातल्या कोणाची सावली अंगणात पडली, तर ती अंगण पुन्हा सारवून घेई, असे सांगतात. गावातले काही जण हा भाग गाळतात. मी गाळत नाही.

हुकमाच्या दुसऱ्या दिवशी ठकाई पाणवठ्याकडे निघाली, तेव्हा महारवाड्यातली भिवरा सरपणाचा भारा घेऊन वाटेच्या कडेला उभी राहिली. भिवरा विधवा. तिच्याकडे एक बैल आणि एक गाय, दोघांना एकाच जुवाला जुंपून ती तुकडा नांगरायची.

"काय गं भिवरे, पैशाचं जमलं का काही?" ठकाईने लांबूनच विचारले.

"कुठलं जमतंय, पाटलीणबाई! तुमच्या चुलीला माफी हाय. आमची बी पोटं घ्या की तिच्यावर, म्हंजी आमी बी माफ."

बरोबरच्या बायका हसल्या. ठकाई हसली नाही. घरी गेली आणि दोन दिवस जेवली नाही म्हणे. टोमणा खरा होता. चूल माफ आहे असे कागदावर लिहिले होते. तिच्यावर किती जणांनी जेवायचे, ते कुठेच लिहिले नव्हते.

तिच्या मनात काय आहे ते कळल्यावर कोंडाजी घाबरला. "आई, पाटीलकी जाईल."

"जाऊ दे. बैल गेल्यावर नांगराला काय पाटीलकी जुंपतोस?"

चौथ्या दिवशी सकाळी ठकाईने आपल्या चुलीतले निखारे खापरात भरले आणि माळावर आणले. घरात का नाही? कोणी म्हणतात, जागा पुरली नसती. मला वाटते, भिवराला उंबऱ्याच्या आत घेणे अजून तिच्याने होत नव्हते, म्हणून तिने चूलच बाहेर काढली. दोघींनी मिळून हे दगड ढकलत आणले. मग ठकाई म्हणाली, "भाकरी तू थाप."

"माझ्या हातची? पाटलीणबाई, इटाळ..."

"पीठ मळ आधी. सगळं गाव बघतंय. मी खाल्ली नाही, तर इथं कोणी खायचं नाही."

पहिली भाकरी ठकाईने खाल्ली. दुपारपर्यंत गावातल्या त्रेसष्ट चुली विझल्या.

आठव्या दिवशी साहेब आणि जमादार घरोघर फिरले. सगळीकडे गार राख. शेवटी माळावर आले.

"ही चूल कोणाची?" जमादाराने विचारले.

"पाटलाची. माफीची," ठकाई म्हणाली.

"आणि एवढे जेवणारे?"

"घरचे."

"अख्खं गाव घरचं?"

"मग? तुमच्या घरी मोजून जेवतात काय?"

साहेबाने माफीचा कागद तिथल्या तिथे फाडला. ठकाईने कनवटीचे बारा रुपये काढून जमादाराच्या हातावर ठेवले. "ही एका चुलीची पट्टी. दुसरी सापडली की परत या."

दुसरी सापडली नाही. नवा हुकूम मिळावा म्हणून साहेबाने वर लिहिले, आणि तोवर शिपाई रोज सकाळी कौलांवर धूर शोधत हिंडले. या दिवसांत एक बाई बाळंत झाली. तिचे न्हाणीचे पाणीसुद्धा माळावरून पळत न्यावे लागले. पन्नास दिवस गावाने घरात काडी पेटवली नाही. एकाच पंगतीत बसणे काहींना जड गेले, भांडणे झाली, दोघे-तिघे रुसून उपाशी राहिले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. पेरणी मात्र गावाच्याच बैलांनी झाली. भिवराचीही.

वरून उत्तर आले ते निराळेच. बारा रुपयांत चाळीस शिपाई कसे पोसायचे, असा सवाल साहेबालाच झाला. खजिन्यातून खर्च करायची सरकारची तयारी नव्हती. कुमक परत गेली. कोंडाजीची पाटीलकीही गेली आणि ती त्या घराण्यात पुन्हा आली नाही. त्याचे वंशज ते मान वर करून सांगतात.

आजही वैशाखात एक दिवस गावातल्या सगळ्या चुली आणि गॅस बंद असतात. स्वयंपाक माळावर होतो. पहिली भाकरी भिवराच्या घरातली बाई थापते आणि ठकाईच्या घरातले माणूस खाते. तुम्हीही त्या दिवशी या, पंगतीला बसा. कोणी जात विचारणार नाही. गर्दी वाढल्यापासून तालुक्याहून बंदोबस्ताला चार पोलीस येतात. ते आपला डबा घरून घेऊन येतात. गाव त्यांना पाणी देते.