दुसऱ्याची रास

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा राज्ये लहान होती आणि वाटा लांब होत्या. लहानांनी ती ऐकावी, आणि लहानांच्या आडून मोठ्यांनीही ऐकावी.

दोन राज्यांच्या मध्ये एक उघडा माळ होता. माळाच्या माथ्यावरून सीमा जात होती. अलीकडच्या उतारावर एक खेडे होते, पलीकडच्या उतारावर दुसरे. अलीकडच्या खेड्यातली सगुणा लहानपणीच राजधानीत शिकायला गेली होती. विद्या पुरी करून ती ऐन सुगीत गावी परतली.

वाटेत तिने मनात गावाचे चित्र रंगवले होते. सीमेवरचे गाव म्हणजे काटेरी कुंपण असेल. माणसे उशाशी भाले घेऊन झोपत असतील. पलीकडच्यांचे नाव काढले की पोरे दचकत असतील. अशा भेदरलेल्या गावाला आपण धीर देऊ, शहाणे करू, असे ती स्वतःला सांगत आली होती.

गावाला कुंपण नव्हतेच. माळावर गावाच्या वर्षभराच्या जोंधळ्याची रास पडली होती, आणि तिच्यापाशी पलीकडच्या राज्यातला एक म्हातारा काठी घेऊन बसला होता. तो सगुणाच्याच गावची भाकरी खात होता.

"लांबून जा गं पोरी," तो म्हणाला. "राशीला हात लावायचा नाही."

"माझ्याच गावची रास आहे ती."

"असेल. गावानं माझ्या हवाली केलीय. तुळसाक्काला विचारून ये, मग लाव हात."

तुळसाक्का ही गावची कारभारीण आणि सगुणाची आत्या. सगुणा तणतणत तिच्याकडे गेली. आत्या हसली.

"तो मालोबा. बरा माणूस आहे, जरा खेकसतो. धान्य उपणायला वारा लागतो, आणि वारा मिळतो तो त्या माथ्यावरच. म्हणून दोन्ही गावांची खळी तिथं शेजारी शेजारी आहेत. आपली रास त्यांचा माणूस राखतो, त्यांची रास आपला गोंदा राखतो. माझ्या पणज्याच्याही आधीपासून असंच चाललंय."

"पण का? आपली रास आपल्याला राखता येत नाही?"

"येते की. पण आपल्या राशीवर माणसाला झोप लागते. गेलं तर आपलंच गेलं, असं म्हणतो आणि कूस वळवतो. दुसऱ्याच्या राशीवर डोळा लागत नाही. तिथं मूठभर गेलं तरी सगळ्या गावाची अब्रू जाते."

"म्हणजे आपलं धान्य त्यांच्याकडं ओलीस आणि त्यांचं आपल्याकडं."

"सुरुवात तशीच झाली असेल," आत्या म्हणाली. "आता तसं राहिलं नाही."

सगुणाला हे पटले नाही. त्यातच बातमी आली की दोन्ही राजांचे बिनसले आहे आणि दरबारांतून एकमेकांना धमक्या जात आहेत. सगुणाने गाव गोळा केला. तिच्या बोलण्यात आग होती. "शत्रूच्या हाती आपला घास ठेवून आपण निर्धास्त झोपतो! उद्या लढाई लागली तर खायचं काय? जे आपलं आहे, ते आपण राखायला शिकलं पाहिजे." तरुणांनी माना डोलावल्या. म्हातारे आत्याकडे बघू लागले.

"पोरगी गावाच्या काळजीनं बोलतेय," आत्या म्हणाली. "एक रात्र करून बघू दे."

त्या संध्याकाळी पलीकडच्या राशीवरून उठवून गोंदाला आपल्या राशीवर बसवले. सोबतीला सगुणा स्वतः बसली. दिवस कलता मालोबा नेहमीसारखा वर आला.

"काका, आजपासून आमची रास आम्ही राखणार," सगुणा म्हणाली. "तुम्ही घरी जा."

मालोबाने आपल्या गावच्या राशीकडे पाहिले. तिथे कोणीच नव्हते. "आणि आमच्या राशीवर कोण?"

"तुमची तुम्ही राखा."

"हे माझ्या गावाला कळवलंत?"

सगुणाने कळवले नव्हते. "उद्या कळवू," ती म्हणाली.

"मग आजची रात्र मी इथंच आहे," म्हातारा म्हणाला, आणि जरा अंतर राखून दगडावर बसला.

"बसू दे," गोंदा म्हणाला. "खोकून खोकून आम्हाला जागं तरी ठेवेल."

पहिला प्रहर सगुणा जागी होती. मग रास आपलीच आहे, शेजारी गोंदा आहे, असे म्हणत तिने पाठ टेकली.

जाग आली तेव्हा उजाडले होते. गोंदा घोरत होता. रास जशीच्या तशी होती, पण तिच्याभोवतीची जमीन रानडुकरांनी उकरली होती. मालोबा राशीला टेकून उभा होता. त्याची बंडी फाटली होती, गुडघ्यावर रक्त सुकले होते.

पलीकडची रास मात्र माळभर उधळली होती. निम्मी खाल्ली गेली होती. उरलेल्या निम्म्यातली बरीच मातीत तुडवली गेली होती.

"काका, आम्हाला उठवायचं नाही का?"

"हाका मारल्या. हा म्हणाला, 'आपलंच आहे, बघू सकाळी.' तुला तर पत्ताच नव्हता."

"पण तुमची रास! तुम्ही आमची सोडून तिकडं का गेला नाहीत?"

"कळप दोन्हींकडं घुसला होता. एकटा माणूस दोन ठिकाणी कसा उभा राहील?" मालोबा म्हणाला. "ती रास माझ्या हवाली नव्हती. ही होती."

"मी ती काढून घेतली होती."

"तू काढून घेतलीस. मला इथं बसवलं ते माझ्या गावानं. आता खाली गेलो की गाव पहिलं हेच विचारेल, त्यांची रास शाबूत आहे का? आहे म्हणून सांगता येईल."

ज्यांना सगुणा शत्रू म्हणाली होती, त्यांच्या वर्षभराच्या घासाची माती तिच्यामुळे झाली होती. आणि तिचे धान्य त्यांच्याच एका म्हाताऱ्याने रक्त सांडून राखले होते.

एव्हाना तुळसाक्का आणि गावकरी वर आले. गोंदाने मान खाली घातली.

"आपली निम्मी रास पलीकडं द्यायची," सगुणा म्हणाली.

"आणि आपण खायचं काय?" मागून कोणीतरी विचारले.

"निम्मं. तेही निम्मंच खातील."

आत्याने गावकऱ्यांकडे पाहिले. कोणी नाही म्हणाले नाही. "गाव देईल," ती म्हणाली. "पण तिकडं जाऊन सांगायचं कोणी, की काल तुमची रास उघडी कुणी टाकली?"

सगुणाने गोंदाच्या हातची काठी घेतली. "मी सांगते. ऐकून त्यांनी बसू दिलं, तर सुगी सरेपर्यंत त्यांच्या राशीवर मीच बसेन."

"देतील बसू," मालोबा म्हणाला. "पण पोरी, तुला झोप फार."

"तिथं नाही लागायची, काका."

तिने म्हाताऱ्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, आणि त्याला सांभाळत ती पलीकडच्या उताराला लागली.

तात्पर्य : शेजाऱ्यावर विश्वास टाकावा की नाही हे विचारण्याआधी, त्याची रास आपण जागून राखावी.