कुंडातली अळी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंना सोडून जाण्याच्या विचारापर्यंत येऊन ठेपला होता. त्याचे नाव मेघश्याम. डोंगराच्या पायथ्याशी, एका दगडी कुंडाच्या काठी, वृद्ध आचार्यांचा आश्रम होता आणि त्या कुंडाची निगा मेघश्यामकडे होती.

झाले असे, की रायाजी नावाचा एक प्रौढ माणूस आश्रयाला आला आणि आचार्यांनी त्याला ठेवून घेतले. हा रायाजी मेघश्यामच्याच गावचा. ऐन तारुण्यात, पाण्याच्या पाळीवरून भांडण होऊन त्याने मेघश्यामच्या थोरल्या भावाला कुदळीच्या दांड्याने मारले होते. भावाचा उजवा हात तेव्हापासून लुळा पडला तो पडलाच. रायाजी शिक्षा भोगून सुटला, परंतु गावात परतण्याचे धैर्य त्याला कधी झाले नाही.

"हा कोण आहे, हे आपल्याला ठाऊक आहे ना?" मेघश्यामने आचार्यांना विचारले.

"त्यानंच सांगितलं. काही लपवलं नाही."

"आणि तरीही तो इथंच राहणार?"

"राहील," आचार्य म्हणाले. मेघश्यामला याचा अर्थ लागेना. अन्यायाकडे पाठ फिरवू नये, हे तर त्याला याच आचार्यांनी शिकवले होते.

मन शांत करण्यासाठी तो कुंडावर जाऊन बसे. तिथल्या काळ्या, तुकतुकीत पाणभुंगेऱ्यांवर त्याचा फार जीव. ते कुजलेली पाने खात. पोटाखाली हवेचा रुपेरी थर धरून, पाण्यात चालल्यासारखे पाय हलवत ते तळाशी जात. कोणाच्या अध्यात ना मध्यात. मात्र त्या दिवशी त्याला पाण्यात एक निराळाच जीव दिसला. बोटाएवढी, मळकट, विळ्यासारख्या जबड्यांची अळी. तिने बेडकाचे पिल्लू धरले होते आणि ती ते जिवंतपणीच शोषून घेत होती. मेघश्यामने ओंजळीने तिला बाहेर काढले आणि चिरडण्यासाठी दगड उचलला.

"थांब," मागून आचार्यांचा आवाज आला. "मारू नकोस. पसरट मडक्यात पाणी घाल, एका कडेला ओली माती रच आणि हिला त्या पाण्यात ठेव. तिला खायला तूच घालायचं."

"काय घालू?"

"ती खाते तेच. लहान शंखगोगलगायी शोध."

मेघश्याम थक्क झाला. मुंगीवर पाय पडू नये म्हणून वाट वाकडी करणारे हे आचार्य, आणि ते एका हिंस्र किड्याला पोसायला सांगतात! विचारावे तर, "आधी कर, मग विचार," एवढेच उत्तर. तो चिखलात गोगलगायी वेचू लागला. ती अळी पाठ वाकवून शंख फोडी तेव्हा त्याला शिसारी येई. आपण करतो आहोत ते पुण्य की पाप, हेही त्याला उमगेनासे झाले. तिकडे रायाजी गोठा झाडत असे, सगळ्यांचे झाल्यावर एकटाच जेवत असे. मेघश्याम त्याच्याकडे बघतही नसे.

मग एके दिवशी अळी नाहीशी झाली. ओल्या मातीत एक बारीक भोक तेवढे दिसत होते.

"मेली असेल. मडकं रिकामं करतो," मेघश्याम सुटल्यासारखा म्हणाला.

"करू नकोस. मातीवर रोज पाणी शिंपड."

"कशासाठी? मातीला पाणी घालून काय उगवणार आहे?"

"मलाही खात्रीनं सांगता येणार नाही. पण सुकू देऊ नकोस."

हे ऐकून मात्र मेघश्यामने घरी परतायचे ठरवलेच. ज्यांना स्वतःलाच खात्री नाही, त्यांच्यापाशी काय शिकायचे? तरी हातातले काम अर्धवट टाकवेना, म्हणून तो पाणी शिंपडत राहिला. बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी माती हलली. तिच्यातून फिकट, मऊ अंगाचा एक भुंगेरा वर आला. मेघश्यामच्या डोळ्यांदेखत त्याचा रंग गडद होत गेला आणि दुपारपर्यंत तो काळा, तुकतुकीत झाला. त्याच्या लाडक्या पाणभुंगेऱ्यांसारखाच.

तो धावत आचार्यांकडे गेला. "हा इथं कुणी आणला?"

"कुणीच नाही. ही तीच अळी."

मेघश्यामने विचारले, "म्हणजे रायाजीही बदललाय, असंच आपल्याला म्हणायचंय ना?"

"नाही," आचार्य म्हणाले. "रायाजी काही किडा नव्हे. अळीला बदलायचं की नाही हे ठरवावं लागत नाही, त्याला ठरवावं लागेल. तो बदललाय की नाही, हे मला दिसत नाही. तुलाही दिसत नाही. शिवाय तिनं खाल्लेलं पिल्लू काही परत आलं नाही, तसाच तुझ्या भावाचा हातही येणार नाही. क्षमा कर, असं मी तुला सांगणार नाही. ती द्यायची की नाही, हे तुझ्या भावानं ठरवायचं. मी एवढंच जाणतो, बाळ, की आत काय घडतंय हे कळत नसतं, तेव्हासुद्धा कुणीतरी माती ओली ठेवावी लागते. मी तेवढंच करतोय."

मेघश्यामचे समाधान झाले असे नाही. राग होता तिथेच होता. पण आता त्याच्या शेजारी दुसरेही काहीतरी येऊन बसले होते. तो गोठ्याकडे गेला. त्याला पाहून रायाजीच्या हातातला झाडू थांबला.

"दादा... कसे आहेत?" रायाजीने विचारले.

"डाव्या हातानं जेवतो."

रायाजीची मान खाली गेली.

"मी उद्या घरी निघालोय," मेघश्याम म्हणाला. "यायचं असेल तर चल. तो दार उघडेल की तोंडावर लावून घेईल, मला माहीत नाही. जे बोलायचं ते तुला त्याच्यासमोर बोलावं लागेल."

रायाजीने होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दोघे डोंगर उतरले. मेघश्याम पुढे, रायाजी चार पावले मागे. उतारावर एका ठिकाणी घसरण होती. तिथे मेघश्याम थांबला आणि मागे न बघताच म्हणाला, "इथं जपून."