वाघमोड्यांची मिशी

दूध संघाच्या नव्या ओळखपत्रांवर सगळ्यांचे चेहरे धुक्यातून पाहिल्यासारखे आले. व्यवस्थापक दिघावकर स्वतःला संगणकातले तज्ज्ञ समजत. कार्ड नाचवत ते गरजले, "ढोकणे मॅडम, तुम्ही नेटवर्कवरून प्रिंट देता, म्हणून फोटो वाटेत खराब होतात. हा घ्या मेमो!"

मेमो म्हणजे यंदाची बढती गेली, हे प्रमिला ढोकणे जाणून होत्या. गेल्या महिन्यात यादी पटकन उघडावी म्हणून याच साहेबांनी डेटाबेसमधले सगळे फोटो नखाएवढे करायला लावले होते, हेही त्या विसरल्या नव्हत्या. कालच रुजू झालेल्या रखवालदार वाघमोड्यांचा फोटो तेवढा मोठाच राहिला होता.

ढोकण्यांनी त्याच नेटवर्कवरून एका कागदावर दोन कार्डं छापली. साहेबांचं नाकही ओळखू येईना, आणि शेजारी वाघमोड्यांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा!

"साहेब, प्रिंटर तोच, वायर तीच, कागदही एकच," त्या शांतपणे म्हणाल्या. "नेटवर्क रखवालदाराला ओळखतं आणि व्यवस्थापकांना ओळखत नाही, असं मेमोच्या उत्तरात लिहू का?"

दिघावकरांनी मेमो परत घेतला आणि ते नव्या फोटोसाठी केस विंचरायला निघून गेले.