पाचव्या चौकटीतली मुलगी

फार पूर्वी, शाळेची जमीन दर शनिवारी मुलंच सारवत असत त्या काळी, एका गावात एक लहानशी शाळा होती. शाळा लहान, पण तिच्यामागचं खो-खोचं मैदान मोठं होतं. आसपासच्या गावांत तिथल्या मुलींच्या संघाचा दबदबा होता.

संघात नऊ मुली असत. आठ जणी एका रांगेत आपापल्या चौकटीत बसायच्या, एकीचं तोंड इकडे, तर दुसरीचं तिकडे. नववी पाठलाग करायची. पळणारी रांगेतून पलीकडे सटकली, की पाठलाग करणारीला रांग ओलांडता येत नसे. तिने पाठमोऱ्या बसलेल्या एखादीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणायचं. मग ती उठून पलीकडे धावायची आणि ही तिच्या जागी बसायची. खो मिळाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा त्या खेळाचा नियमच आहे.

संघाची पुढारी होती सगुणा. तिच्या दोन जिवलग मैत्रिणी, चंद्री आणि गोदी. तिघी मिळून शाळेत यायच्या, मिळून भाकरी खायच्या. खेळ सुरू होताना गोदी नेहमी पाचव्या चौकटीत बसायची.

एके दिवशी गोदीच्या आईने तिला दूरच्या गावी मामाकडे पाठवलं. संघात आठच जणी उरल्या. त्याच आठवड्यात गावात कौलं चाळणारा एक कारागीर आला. त्याची मुलगी शाळेत दाखल झाली. तिचं नाव अनसूया, पण बाप तिला अनशी म्हणायचा. गुरुजींनी तिला मैदानावर आणलं आणि म्हणाले, “झाल्या नऊ. बस गं त्या पाचव्या चौकटीत.”

सगुणा आणि चंद्रीने एकमेकींकडे पाहिलं.

“ती गोदीची जागा आहे,” घरी जाताना चंद्री म्हणाली.

“गुरुजींनी बसवलंय. काय बोलणार?”

“बसू दे की. आपण खो नाही द्यायचा. गोदी परत आली आणि तिला कळलं, की आपण आठवड्याभरात दुसरी धरली, तर तिला काय वाटेल?”

सगुणाला ते पटलं. गोदीची आठवण तिलाही येत होती. तिने बाकीच्या मुलींना सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. अनशीशी भांडण कुणाचंच नव्हतं. तिला कुणी चिडवलं नाही, ढकललं नाही. पाणी मागितलं तर पाणीसुद्धा देत होत्या. फक्त खो देत नव्हत्या.

रोज संध्याकाळी शाळेतल्या धाकट्या मुली पळायला उतरायच्या आणि खेळ रंगायचा. बाकीच्या आठही जणी उठायच्या, धावायच्या, दुसऱ्या जागी जाऊन बसायच्या. सगळ्यांच्या जागा बदलायच्या, अनशीची तेवढी बदलत नसे. ती पाचव्या चौकटीत बसायची ती खेळ संपेपर्यंत तिथेच. पहिले काही दिवस मागे पावलं वाजली की तिची पाठ ताठ व्हायची, हात जमिनीवर टेकायचे. पावलं पुढे निघून जायची. गुरुजींचं लक्ष पळणाऱ्यांकडे असायचं, कारण बघणाऱ्या सगळ्यांचंच लक्ष तिकडे असतं.

रात्री जेवताना बाप विचारायचा, “आज किती खो मिळाले, अनशे?”

“दोन,” अनशी सांगायची.

“मागच्या शाळेत तर कुणी खेळायलाही घेत नव्हतं. इथं बरं आहे तर.” बाप खूश व्हायचा. एकदा तो म्हणाला, “हे बघ, इथलं काम सरत आलंय. पण तुझं मन लागलं असेल, तर परीक्षेपर्यंत इथंच राहू. पुढच्या गावी मी रोज चालत जाईन. तू सांगशील तसं.”

“स्पर्धा होऊ दे, मग सांगते,” अनशी म्हणाली.

स्पर्धा पंचक्रोशीतल्या शाळांची होती आणि या वर्षी ती याच मैदानावर भरली. शेवटचा सामना ओढ्यापलीकडच्या शाळेशी लागला. दोन्हीकडचे लोक बांधावर दाटीवाटीने बसले होते. कौलं चाळणाराही हातचं काम टाकून लेकीचा खेळ बघायला आला होता.

डाव अगदी शेवटाला आला. पलीकडची एकच पळणारी उरली होती, एक किरकोळ, बुटकी मुलगी. ती बाद झाली की सामना जिंकला. पण ती काही हाती लागेना. सगुणाच्या हळूहळू लक्षात आलं, की ती पोरगी सारखी एकाच ठिकाणी येते. जीव धोक्यात आला की पाचव्या चौकटीशेजारून पलीकडे सटकते आणि तिथे उभी राहून चक्क दम घेते.

सगुणा पाठलागावर होती. पोरगी पुन्हा तिथूनच सटकली आणि अनशीच्या पुढ्यात दोन हात अंतरावर उभी राहिली. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, “ये की. इथनं तर कुणी उठतच नाही.”

जी गोष्ट गुरुजींना दिसली नव्हती, ती परक्या गावच्या पोरीने अर्ध्या डावात ओळखली होती. समोर अनशीची पाठ होती. हात पुढे केला की झालं. सगुणाने थाप मारली.

“खो.”

अनशी उठली नाही.

“खो, अगं खो.”

अनशीने मान वळवून वर पाहिलं. हा खो आपल्यालाच आहे, हे तिला खरं वाटेना. ते उमगून ती उठायला गेली, तर इतका वेळ मुडपलेले पाय मुंग्यांनी बधिर झाले होते. ती गुडघ्यावर पडली. बुटकी पोरगी हसत लांब निघून गेली. पंचांची शिट्टी वाजली आणि सामना हातचा गेला.

“आख्ख्या सामन्यात एकदाच उठायचं होतं,” चंद्री सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “तेवढंही जमलं नाही.”

अनशीने पायाची माती झटकली आणि बांधाकडे चालू लागली. बापाजवळ जाऊन ती एवढंच म्हणाली, “बाबा, पुढच्या गावी जाऊ या.”

दुसऱ्या दिवशी शाळा भरतानाच बाप दाखला मागायला आला. अनशी त्याच्यामागे दाराशी उभी होती.

“एका सामन्यासाठी शाळा सोडतं का कुणी?” गुरुजी म्हणाले. “चुकतं माणसाचं.”

“मलाही तेच कळेना, गुरुजी,” बाप म्हणाला. “रोज दोन खो मिळायचे हिला. इतक्या दिवसांची सवय. आणि कालच कशी उठली नाही पोर?”

वर्गात सगळ्या मुली खाली बघू लागल्या. चंद्रीने सगुणाच्या कोपराला हलकेच धक्का दिला. गप्प बस, असा त्याचा अर्थ होता. सगुणा गप्प राहिली असती, तर दाखला मिळाला असता, अनशी गेली असती आणि सामना हिच्यामुळेच हरलो असं गावाने वर्षभर म्हटलं असतं. सगुणावर कुणीही बोट ठेवलं नसतं.

ती उभी राहिली.

“काका, तिला एकही खो मिळाला नाही. आम्ही दिलाच नाही. मीच सगळ्यांना नको म्हणून सांगितलं होतं. कालचा तिचा पहिलाच.”

बापाने वळून लेकीकडे पाहिलं. “मग रोज दोन म्हणायचीस ते?”

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून,” अनशी हळूच म्हणाली.

गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. “मी रोज मैदानावर उभा होतो,” ते म्हणाले, “आणि मला दिसलं नाही.” ते मुलींवर रागावले नाहीत, आणि त्यामुळे मुलींना जास्त लागलं.

“काका, आजचा दिवस थांबा,” सगुणा म्हणाली. “संध्याकाळी खेळून मग तिलाच विचारा.”

बापाने अनशीकडे पाहिलं. तिने हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

संध्याकाळी सगुणाने पहिला खो अनशीला दिला. अनशी उशिरा उठली आणि पळणारी निसटली. दुसऱ्यांदा ती चुकीच्या बाजूला वळली. कुणी हसलं नाही, पण कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. एका दिवसात सगळं जुळून येत नसतं. चौथ्या खोला मात्र ती थाप पडताक्षणी उठली आणि धावली. मुलींनी पहिल्यांदाच पाहिलं, की ती वाऱ्यासारखी पळते.

पळणारी रांगेतून पलीकडे गेली. आता अनशीला कुणाला तरी खो द्यायचा होता. समोर पाठमोरी बसली होती चंद्री.

चंद्रीला मागची पावलं ऐकू आली. कोण आहे ते तिला कळलं. तिची पाठ ताठ झाली, हात जमिनीवर टेकले. मागे वळून बघायची खेळात सोय नाही. ती एका श्वासापुरतीच थांबली असेल, पण तेवढ्यात तिला वाटून गेलं, की ही मला खो देणार नाही, आणि का द्यावा? अनशी इतके दिवस कशी बसली असेल, हे तिला तिथे बसून कळलं.

मग पाठीवर हात पडला.

“खो,” अनशी म्हणाली, आणि तिच्या जागेवर बसली.

तात्पर्य: एखाद्याला रांगेत जागा दिली म्हणजे त्याला आपल्यात घेतलं असं होत नाही. ज्याला आपण कधी हाकच दिली नाही, तो वेळेला उठला नाही तर दोष त्याला देऊ नये.