हातोडीचा पहिला हुकूम

हत्यारं आपली आपणच तांब्याची भांडी घडवत, त्या काळातली ही गोष्ट. कारखान्याचा मुकादम, म्हातारा घण, तडकला आणि त्याच्या जागी धाकट्या हातोडीला नेमलं.

"आता हिला अगं-तुगं नको हं, बाईसाहेब म्हणा!" तिची जिवाभावाची मैत्रीण कातर खिदळली. हातोडीलाही हसू आलं. पण मुकादमानं करायचं काय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला एकच काम ठाऊक होतं. घडलेल्या भांड्यावर हलका ठोका मारायचा आणि नाद फुटका आला तर "बद्द" म्हणायचं. बद्द भांडं वितळायला भट्टीत जाई.

गंमत म्हणून तिनं कातरीच्या पाठीवर ठोका मारला. कातरीचा खिळा सैल झाला होता.

"बद्द गं बाई!" हातोडी हसली.

बाकी कुणी हसलं नाही. चिमट्यानं पुढे होऊन कातरीला उचललं.

"अरे, थट्टा केली मी!"

"काल थट्टा होती," चिमटा खालमानेनं म्हणाला. "आज हुकूम आहे."

हातोडी जिवाच्या आकांतानं ऐरणीवर आपटत राहिली. भट्टीला वाटलं, बाईसाहेबांना घाई आहे. तिनं जाळ वाढवला.