अच्युतशास्त्र्यांची नाडी

"मग सोमवारपासून दवाखाना उघडू ना, गुरुजी?"

वामनवैद्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. सूर परवानगी मागण्याचा होता. पाटी मात्र रंगवायला टाकून झाली होती.

मठीच्या ओसरीवर, अंगावर धाबळी घेऊन, अच्युतशास्त्री शिष्याच्या उजव्या हाताकडे पाहत बसले होते.

चाळीस वर्षं त्या हाताच्या तीन बोटांनी पंचक्रोशीच्या नाड्या पाहिल्या होत्या. डावा हात त्या विद्येला कधी लागलाच नव्हता. मनगट धरून कालचं जेवण सांगणारा वैद्य, अशी ख्याती होती. ती पसरवण्यात स्वतः वैद्यबुवांनीही हयगय केली नव्हती. मग अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हाताची मूठ वळली, ती वळलेलीच राहिली.

आता त्या हातावर यंत्र होतं. बोटांच्या पाठीवरून पट्ट्या, मनगटावर मोटर, बोटांची टोकं मोकळी. डाव्या हातानं बटण दाबलं की डासासारखं गुणगुणत बोटं उघडत, पुन्हा दाबलं की मिटत. वैद्यबुवांनी ते सात वेळा करून दाखवलं.

"चार्जिंग किती टिकतं?"

"चार तास."

"म्हणजे रोग्यांनी वेळेत आजारी पडायला हवं."

वैद्यबुवा हसले नाहीत. सहा महिने सून घास भरवत होती. जुने रोगी दाराशी येत, तब्येतीची आस्थेनं चौकशी करत आणि पुढच्या आळीतल्या वैद्याकडे जात.

शास्त्रीबुवांनी धाबळीतून उजवं मनगट पुढे केलं.

"बघ."

यंत्र गुणगुणलं. तीन बोटं अंगठ्याच्या मुळाशी, नेमक्या जागी टेकली. वैद्यबुवांनी डोळे मिटले...

बोटांना काही लागलं नाही. दगडावर ठेवली असती, तर निदान गारवा लागला असता. तोही नाही. त्यांनी आणखी थोडी वाट पाहिली...

"वात जरा चढलाय," ते म्हणाले. "पण वयाच्या मानानं नाडी उत्तम."

शास्त्रीबुवांनी काख सैल केली. धाबळीतून एक लिंबू घरंगळत ओसरीवर आलं.

काखेत लिंबू दाबून धरलं की मनगटातली नाडी थांबते. वामनवैद्यांनी स्वतः कितीतरी नवशिक्यांची अशीच फजिती केली होती, आणि ती चारचौघांत रंगवून सांगितलीही होती.

बोटं अजून मनगटावरच होती. नाडी एव्हाना परत सुरू झाली असणार.

त्यांना तेही कळलं नाही.

डावा हात बटण चाचपत राहिला. सापडेना.

"गुरुजी... ह्या बोटांना पुन्हा कधी काही कळेल का?"

शास्त्रीबुवांनी स्वतःच बटण दाबलं आणि आपलं मनगट सोडवून घेतलं.

"शिकायला आलास त्या पहिल्या दिवशीही तुला काही लागलं नव्हतं, वामना. पण तेव्हा तू तसं सांगितलं होतंस."