अर्धवट पदवी आणि बारा मजले

साताऱ्याचे बिल्डर जयसिंगराव फडतरे यांना कुणाचा तरी पाणउतारा केल्याशिवाय सकाळचा चहा गोड लागत नसे. त्या दिवशी समोर मृणाल खटावकर होती. फ्लॅट विकायच्या नोकरीसाठी आली होती. वडिलांच्या आजारपणात तिचं कॉलेज सुटलं होतं आणि आता घर तिच्यावरच होतं. तरी बायोडेटात तिने काही लपवलं नव्हतं. पहिलीच ओळ होती, 'बी.कॉम.ची दोन वर्षं प्रथम श्रेणीत, तिसरं बाकी.'

"अहो मॅडम, अर्धवट माल असा मिरवायचा?" जयसिंगराव हसले. "जे पुरं झालेलंच नाही, ते कुणी घेतं का?"

मृणालने खिडकीबाहेर पाहिलं. जयसिंगरावांची बारा मजली इमारत जेमतेम दुसऱ्या मजल्यापर्यंत आली होती आणि फाटकावर पाटी होती, 'बुकिंग सुरू'.

"साहेब, गिऱ्हाइकाने मला हेच विचारलं, तर काय सांगू?"

जयसिंगराव सवयीने बोलून गेले, "सांगायचं, झालंय तेवढं पक्कं आहे, येऊन बघा. उरलेलंही होईल."

"मीही तेवढंच लिहिलंय, साहेब."

त्या दिवशीचा चहा जयसिंगरावांना कडूच लागला. पण सोमवारपासून त्यांचे फ्लॅट मृणाल विकू लागली.